हात उपजत नसतो, बसतो

दरवर्षी 'नीट'चा निकाल लागला की आमच्या केंद्रात सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "एमबीबीएसला नंबर लागत नाही, पण बीडीएसला लागतोय. मुलीला तेच बरं. रात्रपाळी नाही, घर सांभाळून करता येतं, आणि मुलींची बोटं कशी नाजूक असतात, बारीक काम त्यांना उपजतच जमतं." वर्षा-दोन वर्षांनी यांतलीच एखादी मुलगी एकटी येते. झोप उडालेली, जेवण तुटलेलं. मेणाचा दात तिसऱ्यांदा नापास झालेला असतो आणि सरांनी सगळ्या बॅचसमोर सांगितलेलं असतं, "तुझ्या हातात काही नाही. लग्न कर आणि पोळ्या लाट."

एकीकडे बोटं उपजत नाजूक, दुसरीकडे हातात काहीच नाही. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात खरी, पण त्यांचं मूळ एकच आहे. हाताचं कौशल्य जन्मतः मिळतं किंवा मिळत नाही, असं दोन्हींत गृहीत धरलेलं आहे. आणि एकदा ते जन्मावर घातलं, की शिकवण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. दंतवैद्यकाचं उदाहरण मी मुद्दाम घेते आहे. आज या शाखेच्या वर्गांत निम्म्याहून जास्त मुली बसलेल्या दिसतात, आणि तरीही स्त्री-चळवळीने या मुलींकडे फारसं पाहिलेलं नाही. शिकल्या, डॉक्टर झाल्या, सुटल्या, असं आपणही धरून चाललो.

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू. दाढ दुखते तेव्हा आपण त्या खुर्चीत आडव्या होतो, डोळे गच्च मिटून घेतो, त्यामुळे समोरची व्यक्ती काय करते ते आपल्याला कधी दिसतच नाही. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्याखाली डेन्टिन आणि त्याच्याही आत नस. किडलेला भाग कोरून काढायचा, चांगला राखायचा आणि नसेला धक्का लावायचा नाही. हातातलं यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेत असतं. जागा एवढीशी, जीभ मध्ये येते, थुंकी साचते, पेशंट मध्येच दचकतो. वरच्या मागच्या दाढा तर सरळ दिसतच नाहीत. छोट्या आरशात बघून काम करायचं, आणि आरशात दिशा उलट्या होतात. हात अधांतरी ठेवून चालत नाही. एक बोट शेजारच्या दातावर टेकवायचं आणि त्या टेकूवर, पेनासारखं धरलेलं हत्यार फिरवायचं. मेंदी काढणारी बाई करंगळी समोरच्या तळहातावर टेकवून कोन फिरवते, तसाच हा टेकू. दाब किती द्यायचा ते डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. कीड मऊ लागते, निरोगी भाग टणक लागतो. हे पुस्तक वाचून येत नाही.

दाढ काढण्याविषयी तर मोठाच गैरसमज आहे. "बाईला कुठली दाढ निघायला, डॉक्टरसाहेबांना बोलवा," असं तोंडावर ऐकलेल्या कितीतरी तरुण डॉक्टर मुली मला भेटल्या आहेत. खरं तर दाढ ओढून काढायचीच नसते. चिमट्याची पकड मुळाजवळ बसवून, तिला थोडं आत-बाहेर हलवत भोवतीचं हाड हळूहळू सैल करायचं असतं. मनगट कुठे वळवायचं आणि कधी थांबायचं हे कळणं महत्त्वाचं. जोर लावणाऱ्याच्या हातून मूळ मोडण्याची शक्यताच जास्त. म्हणजे जिथे पुरुषी ताकद लागते असं सगळ्यांना वाटतं, तिथेही शेवटी कामाला येतो तो शिकलेला हातच.

मग हा हात शिकवला कधी जातो? २०२५ च्या नीटमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांचे मिळून १८० प्रश्न होते, ७२० गुणांचे. त्या परीक्षेत हाताने करायचं काम एकच, पेनने गोल काळे करणं. त्याआधीची दोन वर्षं क्लासमध्ये गेलेली. घरात मुलीला कुणी काडी इकडची तिकडे करू देत नाही (याचं मला दुःख नाही, तो मुद्दा पुढे येईलच), आणि शाळेतला कार्यानुभवाचा तास गणिताच्या सरांनी कधीच खाऊन टाकलेला. अशा मुली आणि मुलगे पहिल्या वर्षाला येतात आणि त्यांच्यासमोर मेणाचा ठोकळा आणि कोरायची सुरी ठेवली जाते. सुळा कोरा, दाढ कोरा. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच मापात. दुसऱ्या वर्षी प्लास्टरचे साचे, कवळीची मांडणी, खोट्या डोक्यात बसवलेल्या खोट्या दातांवर कोरणं. तिसऱ्या वर्षापासून जिवंत माणूस. ज्या हाताने आयुष्यात चाकूने पेन्सिलीला टोकसुद्धा केलेलं नाही, त्याने चार वर्षांत इथवर यायचं आणि मग वर्षभराची इंटर्नशिप.

इतर देशांत यावर एक तोड काढली गेली होती. अमेरिकेत प्रवेशपरीक्षेतच खडूचा तुकडा कोरायला देत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत बंद झाली आणि तिच्या जागी आकार ओळखण्याची, घडी उलगडली तर कशी दिसेल ते सांगण्याची लेखी परीक्षा आली. कॅनडात साबणाची वडी कोरण्याची परीक्षा त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती. आपल्याकडेही अशी परीक्षा हवी, म्हणजे 'हात नसलेली' मुलं आधीच गळतील, असं काही दंतशिक्षक म्हणतात. मला हे मान्य नाही. अशी परीक्षा आली की वर्षभरात पुण्या-लातूरला साबण कोरण्याचे क्लास निघतील आणि ज्यांच्याकडे फी आहे त्यांचे 'हात' बसतील. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने आजवर काय केलंय, एवढंच त्या दिवशी मोजता येतं. ती पुढे काय शिकेल ते मोजता येत नाही. शिकवायचं काम महाविद्यालयाचं आहे, ते त्याने प्रवेशाच्या दारावर ढकलू नये.

आता त्या 'नाजूक बोटां'कडे येऊ. मैत्रिणींनो, हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ साली तिसऱ्या जगातल्या निर्यात-कारखान्यांतल्या कामगार बायकांवर लिहिलेला लेख चळवळीत खूप वाचला गेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत मालक म्हणत, बायकांची बोटं निसर्गतःच चपळ. या दोघींनी दाखवून दिलं की त्या चपळाईमागे निसर्ग नव्हता. लहानपणापासून आईच्या हाताखाली शिवण-टिपण आणि घरकाम करताना मिळालेलं ते प्रशिक्षण होतं. पण घरात मिळालेल्या शिक्षणाला प्रमाणपत्र नसतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही, म्हणून ते काम 'अकुशल' ठरतं आणि अकुशल म्हणून स्वस्त.

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. सोलापूरची किंवा सिन्नरची विडी वळणारी बाई पान कापते, त्यात तंबाखू मापात भरते, वळते, दोरा गुंडाळते. एकसारख्या विड्या वळून तिने दिल्या नाहीत तर कारखानदार त्या बाद करतो. एवढ्या अचूकतेचे पैसे मात्र हजार विड्यांच्या हिशेबाने मोजतात. गव्हले करणारी आजी अंगठा आणि तर्जनी यांच्यात कणकेचा तांदळाएवढा दाणा वळते, तासन्‌तास, सगळे सारखे. गोधडीचा टाका, उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या, ठिपक्यांच्या रांगोळीतली न थरथरणारी रेघ, पार्लरमधल्या मुलीच्या दाती धरलेला भुवया कोरायचा दोरा. यातलं काय कमी आहे? दाब ओळखणं, टेकू घेणं, डोळा आणि बोट यांचा मेळ, सगळं यात आहे. पण या बायकांच्या हाताला आपण 'सवय' म्हणतो आणि सर्जनच्या हाताला 'कौशल्य'.

इथे एक धोका आहे, आणि तो ओळखायला हवा. हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, मुलींना स्वयंपाक, रांगोळी, भरतकाम शिकवायलाच हवं, दंतवैद्य होताना उपयोगी पडेल! वळण या शब्दावर आमच्या पिढीच्या मुलींनी पुष्कळ मार खाल्ला आहे, ते परत नको. पोळी लाटल्याने दाढ भरता येत नाही. पोळी लाटून पोळीच लाटता येते. प्रत्येक काम त्याचं ते काम पुन्हा पुन्हा केल्यानेच येतं. उपजत आणि शिकलेलं यांतला फरक दाखवावा एवढ्यासाठीच मी वरची उदाहरणं दिली. हाताचं शिक्षण द्यायचं तर ते शाळेत द्या, मुलींना आणि मुलग्यांना एकत्र द्या. मुलींना भरतकाम आणि मुलग्यांना सुतारकाम ही कार्यानुभवातली वाटणी करू नका.

बायकांचा हात कमी आहे हे म्हणणं जुनं आहे, आणि ते खोडून काढणंही तितकंच जुनं. एमेलीन रॉबर्ट्स जोन्स ही अमेरिकेतल्या कनेक्टिकटची. नवरा दंतवैद्य. बायकांच्या दुबळ्या, धसमुसळ्या बोटांचं हे काम नव्हे, असं त्याचं मत. तिने काय केलं, तर काढून टाकलेले दात गोळा केले, गुपचूप कोरले आणि भरले, एक-दोन नाही, शेकडो. मग ते त्याच्यापुढे ठेवले. १८५५ साली त्याने तिला पेशंट पाहू दिले. १८६४ साली तो वारला तेव्हा दोन मुलांना घेऊन तिने त्याच कामावर घर चालवलं आणि पुढे पन्नास वर्षांपर्यंत ती हे काम करत राहिली. ल्यूसी हॉब्जला ओहायोच्या दंतमहाविद्यालयाने १८६१ मध्ये बाई म्हणून नाकारलं. तिने आयोवात काम करून नाव मिळवलं, तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं, तेव्हा कुठे त्याच महाविद्यालयाने दार उघडलं आणि १८६६ साली तिला पदवी मिळाली. पुढे तिने आपल्या नवऱ्याला हे काम शिकवलं! इंग्लंडमध्ये लिलियन मरे हिला लंडनच्या संस्थेच्या डीनने आतसुद्धा घेतलं नाही. मुलाखत झाली ती बाहेरच्या फुटपाथवर, कारण आत आली तर मुलग्यांचं लक्ष विचलित होईल. ती एडिनबरोला गेली आणि १८९५ मध्ये पात्र दंतवैद्य झाली.

आपल्या मुंबईचीही एक गोष्ट आहे. फातिमा जिना कलकत्त्यात दंतवैद्यक शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला. त्या काळात एकट्या बाईने दवाखाना चालवणं ही लहान गोष्ट नव्हती. १९२९ मध्ये भावजय वारली, आणि फातिमाबाई दवाखाना बंद करून भावाचं घर सांभाळायला गेल्या. त्यांचं पुढचं राजकीय आयुष्य सर्वांना माहीत आहे. त्यांच्या हातातल्या त्या विद्येचं काय झालं, हा प्रश्न इतिहासात कुणी विचारत नाही.

तो प्रश्न मला आज रोज भेटतो. लग्नानंतर दोन बाळंतपणं, सासरचं गाव वेगळं, मग चार-पाच वर्षं हात थांबलेला. वाचलेलं पुन्हा वाचता येतं, पण थांबलेला हात पुन्हा बसवायला वेळ, जागा आणि कुणीतरी शेजारी उभं राहणारं माणूस लागतं. ते मिळत नाही. मग नवरा-बायको दोघंही दंतवैद्य असलेल्या दवाखान्यात ती लहान मुलांचे दात साफ करते, फोन घेते, हिशेब बघते, आणि रूट कॅनल, शस्त्रक्रिया, इम्प्लांट म्हणजे पैसा आणि नाव मिळवून देणारी कामं तो करतो. वर्गात दोघांचे गुण सारखे होते, कदाचित तिचे जास्तच. दहा वर्षांनी त्याचा हात खरोखरच चांगला झालेला असतो, कारण दहा वर्षं तोच चाललेला असतो. आणि मग लोक म्हणतात, बघा, शेवटी पुरुषाचाच हात.

महाविद्यालयातसुद्धा हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते. हात बसायचा तर तास लागतात. मुलग्यांच्या वसतिगृहाला फाटक नसल्यासारखंच असतं. मुलींना मात्र अनेक ठिकाणी संध्याकाळी सात-साडेसातला आत यावं लागतं. २०१५ साली दिल्लीच्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणून जी मोहीम चालवली ती केवळ फिरण्याच्या स्वातंत्र्यासाठी होती असं अनेकांना वाटलं. प्रयोगशाळेत बसून आणखी दोन दाढा कोरायला मिळणं हाही त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे. वसतिगृहाच्या खोलीत मेण वितळवायला स्पिरिटचा दिवा लावता येत नाही, आगीचं भय. म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलग्याचे वीस तास आणि मुलीचे आठ. आणि निकाल लागल्यावर तुलना होते ती दोघांच्या 'हातां'ची!

पैशाचाही प्रश्न आहे. हत्यारं, मेण, खोटे दात, बर हे पुष्कळदा विद्यार्थ्यांनीच विकत घ्यायचं. जिच्या बापाने शेत गहाण टाकून फी भरली आहे ती सरावासाठी ठोकळे वाया घालवू शकत नाही. ती परीक्षेपुरतं मेण राखून ठेवते. मग चुकायची संधीच तिला मिळत नाही, आणि चुकल्याशिवाय कुणाचा हात बसला आहे? हातमोजे मोठ्या मापाचे येतात. बारक्या हाताच्या मुलीच्या बोटांपुढे ते रबर लोंबतं आणि बोटांना कळायचं ते कळत नाही. डावखुऱ्या मुलीची तर आणखी तऱ्हा. लहानपणी घरात त्या हातावर फटके खाल्लेले, "उजव्या हाताने दे" म्हणून. इथे आल्यावर खुर्ची, तबक, दिवा, शिक्षकाचं प्रात्यक्षिक, सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेलं. तिने आरशातली आकृती उलटी करायची, वर सरांची कृतीही उलटी करून समजून घ्यायची. तिला कुणी वेगळं शिकवत नाही, फक्त मार्क कमी देतात.

या सगळ्यात जातीचा पदर आहेच. गावगाड्यात दात उपटणं, गळू फोडणं ही कामं न्हाव्याकडे होती, तुंबड्या लावणं वैदूंकडे. हाताने करायची विद्या ती खालची आणि तोंडाने म्हणायची ती वरची, ही उतरंड आपण अजून मनातून काढलेली नाही. म्हणून कुंभाराच्या, सोनाराच्या, तांबटाच्या घरातून आलेल्या मुलीच्या हाताला काय येतं याची चौकशीही पहिल्या वर्षाला कुणी करत नाही, इंग्रजी येतं का एवढं मात्र लगेच तपासलं जातं. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली तेव्हा हात आणि डोकं एकत्र शिकायला हवं असं म्हटलं गेलं. पुढे त्या विचाराचं आपण काय केलं ते सांगायला नको.

आणि एक बाई मी आजवर या लेखातही विसरून चालले होते, जशा आपण सगळ्याच विसरतो. दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी असलेली मदतनीस. बहुतेक वेळा दहावी-बारावी झालेली, वस्तीतून येणारी. सिमेंट किती घट्ट कालवायचं, माप घ्यायचं मिश्रण केव्हा तयार झालं, डॉक्टरांचा हात कुठे आहे आणि पुढचं हत्यार कुठलं, हे तिला न सांगता कळतं. नव्याने दवाखाना उघडलेल्या कितीतरी डॉक्टरांना तिनेच सावरलेलं असतं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद केली, पण हिचं नाव त्या कायद्यात नव्हतं. पगार डॉक्टरांच्या मर्जीवर, रजा नाही, सुई टोचली तर कावीळ-ब ची लस आधी दिली होती का हे कुणी विचारत नाही. डॉक्टर मुलींच्या हाताचा प्रश्न मांडताना या हाताचा प्रश्न सोडून दिला तर आपणही तीच उतरंड पुढे चालवू.

दंतशिक्षकांशी बोलायला हवं. त्यांतही आता पुष्कळ स्त्रिया आहेत. 'हातात काही नाही' हा शेरा शिक्षकाने वापरायचाच नाही, कुठे दाब जास्त पडतो, टेकू कुठे चुकतो ते सांगायचं, एवढी साधी मागणी आहे. सरावाचं मेण संस्थेने द्यावं. प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघडी राहावी आणि मुलींना तिथून सुरक्षित परत आणायची सोय संस्थेने करावी, फाटक लवकर लावून मोकळं होऊ नये. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या दंतवैद्य स्त्रियांसाठी शासकीय दंतमहाविद्यालयांनी तीन-चार महिन्यांचे हात बसवायचे वर्ग चालवावेत. खुर्च्या आणि शिक्षक दोन्ही तिथे आहेत.

सुरुवात म्हणून आपापल्या गावातल्या गटांनी एक करावं. जवळच्या दंतमहाविद्यालयात जाऊन दोन वेळा विचाराव्यात: प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं. जमल्यास मदतनीस बायकांचा पगारही विचारावा. पुढच्या अंकासाठी हे आकडे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.